शिशाची भिंत

मोरवंडे बंदरापासून बोटीने तासाभराच्या अंतरावर, समुद्राच्या तळाशी, एक गलबत अडीचशे वर्षं पडून होतं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ते कुठून निघालं, कुणाचं होतं, कुठे चाललं होतं, याचा माग काढण्यात हेमांगी तांडेलची उमेदीची वर्षं गेली होती. सागरी पुरातत्त्वात डॉक्टरेट घेतलेली ही मुलगी नोकरीसाठी कुठेही गेली असती तर तिला कुणी नको म्हटलं नसतं. पण ती आपल्या गावी परत आली आणि आपल्याच वडिलांच्या बोटीतून त्या गलबतावर उतरू लागली.

गलबतात शिसं होतं. पावाच्या आकाराचे, दोघांनी मिळून उचलावे लागणारे ठोकळे. व्यापाऱ्याचा माल म्हणून त्यात विशेष काही नव्हतं. पण वर काढून साफ करताना हेमांगीला काही ठोकळ्यांवर ओरखडे दिसले. मासा. नथ. फणी. तान्ह्या मुलाचं पाऊल. एकावर तर नुसती पाच बोटं, कुणीतरी हात टेकवून त्याच्या कडेने खिळा फिरवावा तशी. गलबतावरच्या खलाशांनी रिकाम्या वेळात, शिसं मऊ असतं म्हणून, सहज काढलेल्या या खुणा होत्या. सरदारांची पत्रं सापडतात, सावकारांच्या वह्या सापडतात. पण त्या काळच्या खलाशाने स्वतःच्या हाताने मागे ठेवलेलं असं काहीच कुठे सापडलं नव्हतं. ते इथे होतं.

गावाला या खुणांचं अप्रूप वाटावं याला आणखी एक कारण होतं. वाढत्या समुद्राने मोरवंड्याची खालची वाडी गिळून आता दहाएक वर्षं झाली होती. देऊळ गेलं, विहीर गेली, मासे सुकवायची जागा गेली. लोक वर सड्यावर, कातळाच्या माळावर, सरकारने बांधून दिलेल्या एकसारख्या घरांत राहायला आले. त्या घरांमध्ये जुनं असं काही नव्हतं. म्हणून शाळेच्या एका मोठ्या खोलीत हेमांगीने ते ठोकळे मांडले तेव्हा बायका मुलांना घेऊन येऊ लागल्या आणि त्या पाच बोटांवर आपली बोटं ठेवून बघू लागल्या. हेमांगीने कुणाला अडवलं नाही.

त्याच खोलीत एका सकाळी विशाखा आली.

विशाखा ही हेमांगीची थोरली बहीण. घाटमाथ्यावर, डोंगराच्या पोटात कोरलेल्या भूमिगत प्रयोगशाळेत ती न्यूट्रिनोंवरच्या एका मोठ्या प्रयोगाची प्रमुख होती. लोक त्या जागेला नुसतं 'बोगदा' म्हणत. ती वर्षातून एकदा, गणपतीला यायची आणि तिसऱ्या दिवशी निघायची. आज ती मध्येच आली होती, आणि घरी न जाता आधी इथे आली होती.

"तू मला शिशाचा तुकडा पाठवला होतास, कुठल्या खाणीतला आहे ते बघायला," ती म्हणाली. "आम्ही मोजला."

"खाण कळली?"

"ते मी बघितलंच नाही अजून. हेमा, तुझं शिसं मुकं आहे. अगदी गप्प आहे. इतकं गप्प शिसं मी आजवर पाहिलेलं नाही."

मग तिने समजावून सांगितलं. खाणीतून काढलेल्या ताज्या शिशात किरणोत्सारी शिशाचा थोडासा अंश मिसळलेला असतो. तो सतत कुजबुजत राहतो, म्हणजे त्यातून कण बाहेर पडत राहतात. खनिज भट्टीत वितळवून शिसं वेगळं केलं की त्या अंशाची नवी भर थांबते आणि साधारण बावीस वर्षांनी तो निम्मा होतो, पुढच्या बावीस वर्षांत त्याच्या निम्मा. दोन-अडीचशे वर्षांनी त्याचा मागमूस उरत नाही. वर आभाळातून येणाऱ्या किरणांपासून समुद्राचं पाणी त्याला जपतं. म्हणून जगात कुठेही नाजूक मोजमाप करायचं असलं की शास्त्रज्ञ बुडालेल्या जहाजांमधलं जुनं शिसं शोधतात आणि त्याच्या विटा ओतून यंत्राभोवती भिंत बांधतात. आता असं शिसं जवळजवळ संपलं होतं. ज्यांच्याकडे होतं ते देश ते बाहेर जाऊ देत नव्हते.

"विटा ओतून," हेमांगी म्हणाली.

"हो."

"म्हणजे वितळवून."

विशाखाने पाच बोटांच्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "सगळे नकोत मला," ती म्हणाली.

कायद्याने त्या गलबतातल्या वस्तूंचा ताबा दोघांकडे होता, उत्खननाची प्रमुख म्हणून हेमांगीकडे आणि गावसमितीकडे. समितीचे अध्यक्ष होते त्या दोघींचे वडील, जनार्दन तांडेल. सत्तरी उलटलेला माणूस, अजूनही स्वतःची बोट स्वतः चालवणारा. गाव त्यांना आबा म्हणे, आणि मुलीही आबाच म्हणत.

दोन दिवसांनी शाळेच्या मैदानात सगळा गाव जमला. विशाखा उभी राहिली. शहरातल्या सभागृहांत तिचं बोलणं ऐकायला माणसं उभी राहत, पण इथे तिला पहिलं वाक्य सापडेना. तिची लहानपणची मालवणी कधीच सुटून गेली होती. शेवटी ती खाडीबद्दल बोलू लागली.

"आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे पडतात," ती म्हणाली. "कुठे पडतात? जिथे पाणी मंद होतं तिथे. ओढ जोराची असली तर वाळू ठरत नाही, लहान दांडा असेल तोही वाहून जातो. विश्वाचं तसंच झालं. सुरुवातीला सगळं जवळजवळ सपाट होतं. इथे केसभर दाट, तिथे केसभर विरळ, एवढाच फरक. दाट जागेने आजूबाजूचं ओढून घेतलं, ती आणखी दाट झाली, तिथे पुढे तारे झाले, आकाशगंगा झाल्या, आपण झालो. पण तारे ज्याचे बनतात ते द्रव्य सुरुवातीच्या उजेडाच्या दाबाने गोळाच होऊ शकत नव्हतं. त्याच्या आधी दुसरं काहीतरी गोळा झालं असणार. न दिसणारं, उजेडाचा दाब न मानणारं. त्याला आम्ही कृष्णद्रव्य म्हणतो. ते काय आहे हे अजून कुणाला कळलेलं नाही."

"आणि तुका काय वाटता?" मागून भागाकाकी कुबल म्हणाल्या. गावातल्या सगळ्यांत वयस्क बाई.

"न्यूट्रिनो नावाचा एक कण आहे, काकी. आत्ता या क्षणी तुमच्या-माझ्या अंगातून असंख्य जातायत आणि कशालाही धक्का लागत नाही. एके काळी लोकांना वाटलं, हेच ते कृष्णद्रव्य. पण आपल्याला माहीत असलेले न्यूट्रिनो फार हलके आणि फार वेगवान. ते जोराच्या ओढीसारखे आहेत. लहान दांडा जमू लागला की ते त्याला पुसून टाकणार. ते कृष्णद्रव्य असते तर आधी फक्त अवाढव्य ढग झाले असते आणि ते फुटून पुढे आकाशगंगा झाल्या असत्या. दुर्बिणींना तर उलट दिसतं. लहान आकाशगंगा आधी, मोठ्या नंतर. म्हणून न्यूट्रिनोचं नाव मागे पडलं. पण मला वाटतं, त्यांचा एक भाऊ आहे. जड आणि सुस्त. मंद पाण्यासारखा. तो असेल तर आकाशात जे दिसतं ते सगळं जुळतं. लहान दांडेही टिकतात."

"तो सापडणार कसा?" कुणीतरी विचारलं.

"काही अणू फुटताना न्यूट्रिनो बाहेर टाकतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता म्हणून मागे राहते. आम्ही ती उष्णता एकेका अणूची मोजतो. कधीतरी त्या हलक्याऐवजी तो जड भाऊ बाहेर पडला, तर तेवढी उष्णता कमी भरेल. कोट्यवधी वेळा मोजलं की आलेखात एके ठिकाणी बारीकशी खाच दिसेल. पण खाच इतकी बारीक, की भिंतीतलं शिसं जरा कुजबुजलं तरी ती झाकली जाईल. किंवा नसलेली दिसेल."

लोक बराच वेळ आपापसांत बोलत राहिले. मग आबा उठले. ते फार बोलत नसत.

"खुणा नसलेला शिसा घेऊन जा," ते म्हणाले. "ता कोणी बगूक येणा नाय. पण खुणांका हात लावूचो नाय."

"नाही लावणार, आबा."

"शब्द दी."

"शब्द देते," विशाखा म्हणाली.

पावसाळ्याआधी ट्रक आले आणि बिनखुणांचे ठोकळे घाटावर गेले. हेमांगीला वाटलं, झालं ते बरंच झालं. बहीण पूर्वीपेक्षा जास्त वेळा फोन करू लागली. भिंत कशी चढतेय ते सांगे. आबाही कधीकधी हेमांगीच्या खांद्यावरून डोकावून विचारत, "काय गावला काय?" विशाखा हसून म्हणे, "अजून नाही, आबा. न्यूट्रिनो तुमच्यासारखेच आहेत. कुणाशी बोलत नाहीत."

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी विशाखाने हेमांगीला बोगद्यात बोलावून घेतलं. फोनवर कारण सांगितलं नाही.

हेमांगी पहिल्यांदाच तिथे आली होती. डोंगराच्या आत गाडी बराच वेळ चालत राहिली. शेवटच्या दालनात, काचेपलीकडे, तिच्या शिशाची भिंत उभी होती. राखाडी, गुळगुळीत, प्रत्येक वीट दुसरीसारखी. ती बघत असताना विशाखाने तिच्या हातात टॅब्लेट दिला. त्यावर एक वळणदार रेघ होती आणि एके ठिकाणी ती रेघ जराशी आत गेली होती.

"सापडला?" हेमांगीने विचारलं. तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

उत्तर विशाखाचा सहकारी डॉ. रोझारियो याने दिलं. विशाखाच्याच वयाचा, थकलेला, पण त्या दिवशी चेहऱ्यावर तेज असलेला माणूस. "सापडला असं आम्ही सगळे म्हणतो. चौघांनी स्वतंत्रपणे तपासलं. तुमची ताई सोडून सगळे तयार आहेत जाहीर करायला. बाहेर कुजबुज सुरू झालीय. जपानमधला गट आपल्या मागोमाग आहे. आपण थांबलो तर ते आधी बोलतील."

तो गेल्यावर विशाखा खुर्चीत बसली. तिचे केस या दोन वर्षांत बरेच पांढरे झाले होते.

"मला खाच दिसते," ती म्हणाली. "पण भिंतीच्या आतल्या थरातल्या काही विटा आम्ही बाहेरून आणलेल्या आहेत. तुझं शिसं पुरलं नाही म्हणून. त्यांच्यात अगदी थोडी कुजबुज आहे. आमच्या हिशेबाने ती इतकी थोडी आहे की असली खाच तिने तयार होऊ नये. पण हिशेब माझाच आहे ना. त्या विटा काढून तिथे तुझं शिसं लावलं, आणि खाच राहिली, तर ती खरी. गेली, तर…"

"माझं शिसं संपलं, ताई."

"बिनखुणांचं संपलं," विशाखा म्हणाली.

हेमांगीला कळलं. ती उठून काचेपाशी गेली. "तू शब्द दिला होतास."

"हो."

"सगळ्यांसमोर दिला होतास. आबांना."

"म्हणूनच तुला इथे बोलावलं. तिथे येऊन मागायची लाज वाटली." विशाखा म्हणाली. "तू नाही म्हटलंस तरी माझं काही अडत नाही, हेमा. खरंच. रोझारियो म्हणतो तसं उद्या जाहीर करू. मला कुणी खोटं म्हणणार नाही. नियमात बसतं सगळं. तुझे ठोकळे शाळेत राहतील, मला मान मिळेल. दोघींचं भलं होईल."

"मग?"

"मग मी रोज इथे येईन आणि मला माहीत असेल की मी तपासलं नाही."

हेमांगी चिडली. इतकी वर्षं मनात राहिलेलं सगळं बाहेर आलं. तू गेलीस, ती म्हणाली, आई गेली तेव्हा तू कुठल्यातरी परिषदेत होतीस, वाडी बुडाली तेव्हा तू फोनवर होतीस. आम्ही काय वाचवलं तर तेवढंच वाचवलं. "त्यांच्या प्रतिमा आहेत ना, त्रिमितीय, असं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "उद्या कुणाला त्या खुणांना काय विचारायचं असेल ते मला आज ठाऊक नाही. खिळा कुठल्या लोखंडाचा होता, हाताला तेल लागलं होतं का, काहीही. वस्तू गेली की विचारणंच गेलं."

"मला ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक आहे?"

"की मी जे मागतेय ते परत देता येणार नाही," विशाखा म्हणाली. "मी हे मागते तेव्हा ते लहान आहे असं समजून मागत नाही."

हेमांगी त्याच दिवशी निघाली. घाट उतरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. बहिणीने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर दोघी सुखी झाल्या असत्या. खोटंसुद्धा नव्हे, फक्त न तपासणं. आणि ती ते करत नव्हती. स्वतः हेमांगीने काय केलं असतं? गलबताचं नाव सांगणारा एखादा पुरावा हाती आला असता आणि तो जरा संशयास्पद असता, तर? या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. म्हणूनच तिला आणखी राग येत होता.

पंधरवड्याने विशाखा स्वतः गावी आली. आबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. हेमांगी दारात उभी राहिली.

विशाखाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आबांचे हात चालत राहिले.

"मला शब्दातून मोकळं करा, आबा," ती शेवटी म्हणाली.

आबांनी गाठ मारली, दोरा तोडला. "शब्द तुझो आसा," ते म्हणाले. "मोडूचो तर तू मोड. माका इचारून मोडू नको."

"आबा…"

"माझ्या तोंडातना हो म्हणून घेतलंस की तुझ्यार काय ऱ्हवना नाय. तसा नको. मोडलंस तर तुझ्यार ऱ्हवांदे."

ते उठून आत गेले.

समितीत मतं घ्यावी लागली. तरुण मंडळी बहुतेक विशाखाच्या बाजूची होती. आपल्या गावच्या शिशाचं नाव जगात होईल, असं त्यांना वाटत होतं. म्हातारी माणसं नको म्हणत होती. भागाकाकींनी हो म्हटलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. "काढणाऱ्यान काय कपाटात ठेवूक काढल्यान?" त्या म्हणाल्या. "तेचो येळ जाय नाय म्हणून काढल्यान." आबांनी नाही म्हटलं आणि अध्यक्षपद सोडून ते सभेतून निघून गेले. एका मताच्या फरकाने ठराव झाला. आता फक्त हेमांगीची सही उरली.

तिने ती केली. आपण बहिणीसाठी केली की तपासण्यासाठी केली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ठोकळे जाण्याआधी शाळेची खोली सगळ्यांसाठी उघडी ठेवली. दूरदूरहून लोक आले. बायकांनी त्या माशावरून, नथीवरून हात फिरवला. एका बाईने आपल्या तान्ह्याचं पाऊल त्या पावलावर टेकवलं; तान्हं गारव्याने दचकून रडलं आणि सगळे हसले. आबा आले नाहीत.

वितळवताना आपण समोर हवं असा हेमांगीचा हट्ट होता. विशाखाने तिला जाड काचेचा चष्मा दिला आणि तीही शेजारी उभी राहिली. शिसं फार लवकर वितळतं. पाच बोटांचा ठोकळा भट्टीत गेला, क्षणभर बोटांच्या कडा अधिकच ठळक झाल्यासारख्या वाटल्या, आणि मग पृष्ठभाग चकाकला आणि सपाट झाला. विशाखाने बहिणीचा हात धरला. हेमांगीने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर बोगद्यातून काहीच बातमी आली नाही. जपानच्या गटाने आपल्यालाही खाच दिसत असल्याचं सुचवलं. वर्तमानपत्रं विशाखाला भित्री म्हणू लागली. रोझारियो प्रयोग सोडून परदेशी गेला, जाताना तो वाईट बोलला नाही, फक्त म्हणाला, "डॉक्टर, माझं वय निघून चाललंय." हेमांगी रिकाम्या खोलीत बसून प्रतिमांवर काम करत राहिली. आबा विशाखाचं नाव काढत नसत. तिचा फोन आला की उठून बाहेर जात. हेमांगीशी ते बोलत, पण हवा, मासळी, बोटीचं इंजिन, एवढंच.

मग एका दुपारी विशाखाचा फोन आला.

"ये," ती म्हणाली. "परवा जाहीर करतेय. तू असावीस असं वाटतं."

"काय आलं?"

"खाच गेली, हेमा."

हेमांगी दाराच्या चौकटीला टेकली. बाहेर आबा बोटीचा पंखा घासत होते.

"पूर्ण?"

"पूर्ण. रेघ अशी सरळ वळते, जणू कुणी तिला कधी हातच लावला नव्हता. बाहेरून आणलेल्या विटांत एक अंश होता, आम्हाला दिसला नव्हता इतका लहान. जपानने भिंतीसाठी त्याच व्यापाऱ्याचं शिसं घेतलंय. मी त्यांना आजच कळवलं." मग ती म्हणाली, "मी वीस वर्षं ज्याच्या मागे होते तो नाहीच. निदान मी म्हणत होते तसा, तेवढ्या वजनाचा नाही."

जाहीर करण्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. शोध लागला अशीच बहुतेकांची समजूत होती. विशाखाने आधी जुना आलेख दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने नवा आलेख दाखवला. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. काही लोकांना तो कळलाच नव्हता.

"खाच आमच्याच भिंतीतून आली होती," ती म्हणाली. "हा कण कृष्णद्रव्य नाही. आकाशगंगा याने जमवलेल्या नाहीत. मी असं म्हणत आले होते आणि मी चुकले होते."

प्रश्न सुरू झाले. एक तरुण पत्रकार उभी राहिली. "डॉक्टर, यासाठी तुम्ही अडीचशे वर्षांपूर्वीचा ठेवा वितळवलात. खलाशांच्या खुणा. जगात दुसरीकडे नसलेल्या. आणि हाती काहीच आलं नाही. तुम्हाला याचं काय वाटतं?"

पहिल्या रांगेत बसलेल्या हेमांगीला वाटलं, आता ताई म्हणेल की नकारही विज्ञानात मोलाचा असतो. ते खरं होतं आणि कुणी हरकत घेतली नसती.

विशाखा म्हणाली, "त्या खुणा परत येणार नाहीत. त्यांना हात लावणार नाही असा शब्द मी माझ्या वडिलांना दिला होता. तो मी मोडला. ते त्याला हो म्हणाले नव्हते. माझ्या बहिणीने तिच्या आयुष्याचं काम माझ्या हातात दिलं आणि त्यातून एवढंच कळलं की मी चूक होते. ते कळलं नसतं तर मी हयातभर तुम्हाला एक खोटी गोष्ट खरी म्हणून शिकवली असती. पण म्हणून मी केलं ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. ते माझ्यावर आहे."

ती खाली बसली.

परत जाताना हेमांगीच गाडी चालवत होती. विशाखाने चार दिवस सुट्टी घेतली होती, पण जायचं कुठे हे तिने सांगितलं नव्हतं, आणि हेमांगीने न विचारता गाडी गावच्या घाटाकडे वळवली होती. विशाखा खिडकीला डोकं टेकून बसली होती. ती रडत नव्हती. रडून झालेल्या माणसासारखी दिसत होती.

विशाखाचा फोन वाजला. गाडीच्या पडद्यावर नाव उमटलं तेव्हा विशाखा सरळ बसली. आबा तिच्या नंबरवर फोन करत नसत. गेलं वर्षभर तर ते तिच्याशी बोलतच नव्हते.

"आबा?"

"शाळेत मोठ्या पडद्यार बगला," आबांचा आवाज आला. मागे माणसांचा गलका होता, तो हळूहळू दूर गेला; ते बाहेर येऊन उभे राहिले असावेत. "सगळो गाव हुतो."

विशाखाने पडद्यावरचा आवाज वाढवला.

"जेवलंस काय?"

"नाही," ती म्हणाली.

"हेमा खंय आसा?"

"गाडी चालवतंय, आबा," हेमांगी म्हणाली. "घाटात इलंव."

मग आबांनी विचारलं, "विशाखा, मगे तो तुझो जड न्यूट्रिनो नाय, तर ता सगळा जमवल्यान कोणी? कोणी तरी आसतलो मा?"

विशाखाने तोंडावर हात धरला. हेमांगीने गाडीचा वेग कमी केला. कितीतरी वर्षांनी विशाखा मालवणीत बोलली.

"आसतलो, आबा. पण कोण ता माका ठावक नाय."

"मगे तुका काय काय ठावक आसा, ता सांग."

आणि ती सांगू लागली. सुरुवातीपासून, उजेडापासून, केसभर दाट आणि केसभर विरळ जागांपासून. शब्द अडले की आबा मालवणी शब्द पुरवत, चुकीचा वाटला की ती तो बदलत असे. वळणामागून वळणं गेली, खाली समुद्राची रेघ दिसू लागली. घाटात मध्ये दोनदा रेंज गेली. दोन्ही वेळा आबांनीच परत फोन लावला.